उतारावर बंद होणारं इंजिन

सावेडीतल्या फ्लॅटपासून ऑफिसपर्यंत मी स्कूटीने जाते. रस्ता सपाट आहे, आणि तरी माझी नजर सारखी स्पीडच्या काट्यावर असते. मैत्रिणी माझ्या मागे बसायला कंटाळतात. "तुझ्यापेक्षा बैलगाडी बरी," म्हणतात. म्हणू देत. ज्या गाडीचा काटा कधी जागचा हललाच नाही त्या गाडीतून मी नववीचं वर्ष काढलं आहे, आणि ती भीती अजून गेलेली नाही.

आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगरावर. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून घाट उतरून नदीकाठच्या गावातल्या हायस्कूलला जावं लागे. एसटी घाटाखालच्या पुलापर्यंत यायची आणि तिथूनच तोंड फिरवून परत जायची, कारण आमच्या रस्त्यावर समोरून दुसरी गाडी आली की मागे कोणी जायचं यावरून आधी भांडण व्हायचं. वर येणारी एकच जीप होती. सकाळी आम्हा मुलींना खाली न्यायची, संध्याकाळी वर आणायची. मुलगे पायी किंवा सायकलने जात. मुलींना रानातून पायी पाठवायला गावात कोणी तयार नव्हतं.

माझ्या वडिलांनी आठवीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "जीप हाय तवर शाळा. जीप बंद, शाळा बंद. मंग रडायचं न्हाई." ते नुसतं बोलणं नव्हतं. आदल्या वर्षी जीप एक अख्खा पावसाळा गॅरेजला पडून होती. आमच्या आळीतली एक मुलगी तेव्हा घरी बसली. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या अंगाला हळद लागली. मी त्या लग्नात पोटभर जेवले, आणि घरी येऊन रात्रभर जागी राहिले.

जीप चालवणारा माणूस माझ्या आईच्या माहेरच्या गावचा. लग्न झाल्यावर सासुरवाडीलाच राहिलेला, म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. लोक तोंडावर मान द्यायचे आणि पाठ फिरली की 'घरजावई' म्हणून हसायचे. आई त्याला भाऊ मानायची, राखी बांधायची. सगळ्याच मुली त्याला मामा म्हणायच्या, पण तो मानलेला का होईना, नात्याने मामा माझा एकटीचाच.

मामाची एक सवय होती. खिंडीत चढ संपून उतार सुरू झाला की तो चावी फिरवायचा आणि इंजिन बंद करायचा. गाडी न्यूट्रलमध्ये. तिथून पुलापर्यंत तीन किलोमीटर जीप आपल्या आपण घरंगळत जायची. इंजिनाचा आवाज गेला की एकदम शांत व्हायचं. टायरांची सरसर आणि खिडकीतून येणारा वारा, बाकी काही नाही. डिझेल वाचतं म्हणून सगळं गाव त्याचं कौतुक करायचं. "हात लई साफ हाय जावयाचा," म्हातारे म्हणायचे. खरं सांगायचं तर आठवीत मलाही ते आवडायचं. पाळण्यात बसल्यासारखं वाटायचं.

नववीत विज्ञानाला नवे सर आले. ते जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, कोरड्या सपाट मुलखातले. घाट पाहिला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, म्हणून शाळेजवळच खोली घेऊन राहत. पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, "तुमचं घर शाळेपासून किती लांब?" उत्तरं आली, "लई लांब," "कोसभर," "एक चढ नि दोन ओढे."

"चढ हे एकक नाही," सर म्हणाले. "आणि 'लई' तर नाहीच नाही."

फळ्यावर त्यांनी वर मीटर लिहिला, खाली सेकंद लिहिला आणि मधे आडवी रेघ मारली. मग एक लांब फळी टेबलाला तिरकी लावली, तिच्यावर खडूने सारख्या अंतरावर रेघा ओढल्या आणि वरून गोटी सोडली. गोटीने रेघ ओलांडली की आम्ही टाळी वाजवायची. पहिल्या दोन टाळ्यांमधे श्वास घ्यायला वेळ होता. शेवटच्या टाळ्या एकमेकींवर आदळल्या.

"हिला मधे कुणी ढकललं का?" सरांनी विचारलं. "नाही. तरी हिची चाल वाढत गेली. हा जो वाढण्याचा दर, त्याला त्वरण म्हणायचं. उतारावर सोडलेल्या गोष्टीला कुणी अडवलं नाही, तर ती काही आपण होऊन थांबत नाही."

वर्ग हसत होता, कारण गोटी जाऊन कचऱ्याच्या डब्यावर आपटली होती. मला मात्र खिंड दिसत होती.

गृहपाठ असा होता की शाळेत येतानाची आपापली चाल मोजून आणायची. पायी येणाऱ्यांनी पायी, सायकलवाल्यांनी सायकलची. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे मनगटी घड्याळ होतं, सेकंद दाखवणारं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराजवळ राहायची. तिची आई अंगणवाडीत मदतनीस. माझ्याइतकी बडबडी नव्हती ती, पण तिने एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नसे. आम्ही ठरवलं, आपण जीपची चाल मोजायची. रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरवर छोटे दगड होते, दोन, चार, सहा, आठ असे आकडे रंगवलेले. दगड मी ओरडून सांगायचे आणि सेकंद तिने वाचायचे.

खिंडीत मामाने चावी फिरवली. नेहमीसारखं शांत झालं.

"दोन!" मी म्हटलं.

"चार!"

"वीस सेकंद," मैत्रीण म्हणाली.

पुढच्या दगडाला सोळा. मग तेरा. मग अकरा.

"कसला जप चाललाय गं मागं?" मामाने आरशातून पाहत विचारलं.

"शाळेचा अभ्यास, मामा."

त्यापुढचं आम्हाला मोजता आलं नाही. पुढे मोठं वळण होतं, आणि आम्ही दोघी समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो होतो. इतके दिवस त्या वळणावर आम्ही खिदळत एकमेकींच्या अंगावर पडायचो. त्या दिवशी मला दिसलं की वळणावर मामा सीटवरून अर्धा उठतो आणि ब्रेकवर जवळजवळ उभा राहतो.

वर्गात गणित केलं. दोनशे मीटर भागिले अकरा सेकंद, म्हणजे सेकंदाला अठरा मीटर आणि वर थोडं. किलोमीटरमधे सांगायचं तर तासाला पासष्ट. सरांनी ते दोनदा तपासलं. दगड मोजताना चुकलात का, म्हणून विचारलं. मग म्हणाले, "घाटात पासष्ट? गाडी कोणत्या गिअरमधे असते?"

"गाडी बंद असते, सर."

सरांनी दार लोटून घेतलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. मामाने जुनी जीप गेल्या वर्षी विकून ही दुसरी घेतली होती, वापरलेलीच पण त्यातल्या त्यात नवी. जुन्या जीपच्या ब्रेकला इंजिनाशी काही देणंघेणं नव्हतं. पायात जोर असला की ब्रेक लागायचा. ह्या जीपला मात्र पाय हलका पडावा म्हणून इंजिनाकडून जोर मिळतो. इंजिन बंद केलं की ब्रेक एकदोनदा नीट लागतो, नंतर पायाखाली दगड असल्यासारखा होतो. मामा जुन्या गाडीची सवय नव्या गाडीत घेऊन आला होता.

"मी उद्याच वर येतो," सर म्हणाले. "तुमच्या आईवडिलांशी बोलतो."

"नका, सर," मी म्हटलं. "घरी कळलं तर जीप बंद करतील."

"मग बंद होऊ दे की!"

"जीप बंद म्हणजे शाळा बंद, सर. आम्हा सगळ्यांची."

सरांना हे कळायला वेळ लागला. सपाट मुलखात शाळा सुटायला घाट लागत नाही ना. कळलं तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि डोक्याला हात लावला. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला, आणि पुलाजवळ मामाला गाठून चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मामा मोठ्याने हसला. "सर, तुमी पुस्तकातली गाडी चालवा, मी रस्त्यावरली चालवतो. पोरींना भ्या वाटत आसंल तर बसू द्या घरी." एसटीची वाट बघत बसलेली माणसंही हसली. सर मान खाली घालून शाळेकडे गेले. मला सरांचा राग आला, मामाचा आला, आणि हसणाऱ्यांचा तर इतका आला की दगड उचलावासा वाटला.

त्यानंतर रोजची सकाळ म्हणजे जीव मुठीत धरून बसणं. न मोजता राहवत नसे आणि मोजलं की समोरचा दांडा सोडवत नसे. अज्ञानात सुख असतं म्हणतात ते खोटं नाही. आधी आम्ही घाबरत नव्हतो कारण आम्हाला आकडा माहीत नव्हता. आता आकडा माहीत होता, आणि तो सांगायची सोय नव्हती.

श्रावणात एके दिवशी मोठ्या वळणावर म्हैस उभी होती. रस्ता ओला, कडेला शेवाळ. मामाने हॉर्न दाबला. म्हैस ढिम्म. तो ब्रेकवर उभा राहिला, हँडब्रेक ओढला, आणि जीप आडवी सरकत गेली. मागचा कोपरा दगडी कठड्याला घासला आणि आम्ही थांबलो. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली नदीकाठचे पत्रे दिसत होते, इतके लहान की एकेक बोटाने झाकता आला असता. आठवीतली एक मुलगी माझ्या दंडात नखं रुतवून बसली होती. म्हैस सावकाश बाजूला झाली.

"काळ आला हुता, पन येळ आली नव्हती," मामा कपाळ पुसत म्हणाला. "बघितलं? हात साफ पायजे." आणि इंजिन चालू न करताच त्याने गाडी पुन्हा उतारावर सोडली.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. पासष्ट हा आकडा तिला कळला नाही, पण ब्रेकचं कळलं, कठड्याचं कळलं.

"तुज्या बापाला सांगू नको," ती पहिल्यांदा म्हणाली.

"मग काय करू?"

"मी बघते."

राखी पौर्णिमेला मामा आमच्या घरी आला. आईने राखी बांधली, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला तसा आईने त्याचा हात धरला. "दादा, पैसं नको. माझी पोरगी गाडीत हाय. घाटात गाडी बंद करायची न्हाई."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. तो आधी हसला, मग हसणं विरलं. "बरं आक्का," तो म्हणाला. "शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी खिंडीत त्याचा हात चावीकडे गेला आणि परत आला. त्याने दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरत, कुरकुरत आम्हाला खाली घेऊन निघालं. दगडामागून दगड, तीस सेकंद, एकतीस, तीस. चाल वाढेना की कमी होईना. मी मैत्रिणीच्या कानात म्हटलं, "त्वरण शून्य." आम्ही दोघी खदाखदा हसलो. आयुष्यात शून्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

असे काही आठवडे बरे गेले. मग मला ताप आला आणि मी एक दिवस घरी राहिले. परत गेले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रीण मला शाळेमागच्या आंब्याखाली घेऊन गेली.

"काल त्याने खिंडीत मागं वळून बघितलं," ती म्हणाली. "म्हणला, आक्काची पोरगी न्हाई का आज? आमी म्हटलं, न्हाई. मग त्याने चावी फिरवली."

मला आधी कळेचना.

"आपला तो बाब्या, आन् दुसऱ्याचं ते कार्टं," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मोजलंस?"

"अकरा आलं. शेवटी दहा."

मामाने शब्द मोडला नव्हता. आईने मागितलं तेवढं त्याने दिलं होतं, माझी पोरगी गाडीत आहे, एवढंच. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं, माझ्या दंडात नखं रुतवणाऱ्या आठवीतल्या मुलीचं, कुणाचंच त्यात काही नव्हतं. मला त्या झाडाखाली इतकी लाज वाटली की डबा उघडवेना. लाज वाटण्यासारखं मी काही केलं नव्हतं, पण ती वाटायची थांबली नाही.

त्या दिवसापासून मी शाळा चुकवली नाही. पोटात दुखलं तरी गेले, घरात पाहुणे असले तरी गेले, घटस्थापनेलाही शाळा होती म्हणून गेले. वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, "किती गोडी आहे बघा अभ्यासाची." मैत्रिणीने आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही. गाडी आमच्या आळीशी यायची तेव्हा आतल्या सगळ्या मुली खिडकीतून माझं दार बघत असायच्या. मी दिसले की त्या नीट बसायच्या. हळूहळू हे त्यांच्या घरीही पोचलं, म्हणजे आयांपर्यंत. बापांपर्यंत नाही. पाणवठ्यावर एका मुलीच्या आईने मला विचारलं, "उद्या जानार हाईस ना बाई?" मी हो म्हटलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दिवाळीच्या आधी मला मोठा ताप आला. अंग नुसतं फणफणत होतं. तरी मी सकाळी उठून दप्तर घेतलं. आईने दारातच हात धरला. "येडी का खुळी? झोप गप."

"मला जाऊ दे."

"एका दिवसानं काय बुडतंय तुजं?"

"माझं नाही बुडत!" मी ओरडले आणि मग रडत रडत सगळं सांगून टाकलं. मी नसले की तो इंजिन बंद करतो. मी असले तरच चालू ठेवतो.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. आईने पदर खोचला, मला अंथरुणाकडे ढकललं आणि ती स्वतः जाऊन जीपमधे माझ्या जागी बसली. मामाने काय तोंड केलं ते मला दिसलं नाही. दिवसभर ती शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली आणि संध्याकाळी मुलींबरोबर परत आली.

घरात येऊन तिने हातपाय धुतले, पाणी प्याली. "मी तुज्यापुरतंच मागितलं," ती म्हणाली. "लई चूक झाली."

मग ती एकेक घर फिरली. ठरलं असं की भाऊबिजेला सगळ्या मुलींच्या आयांनी ताट घेऊन मामाकडे जायचं. नात्याने तो कुणाचाच भाऊ लागत नव्हता, जावई माणूस. पण एक दिवस भाऊ मानला तर कोण नाही म्हणणार? मैत्रिणीच्या घरीही आई गेली. मी बरोबर होते. मैत्रिणीच्या आईने चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. "आमच्यात ओवाळत न्हाईत," ती म्हणाली. "पन मी येते."

भाऊबिजेला मामा नवी टोपी घालून पाटावर बसला होता. इतक्या बायका आत आल्या तशी त्याची बायको चरकली. पहिलीने ओवाळलं आणि म्हणाली, "पैसं नको भाऊ, घाटात चावी फिरवू नको." मामा हसून म्हणाला, "बरं बरं." दुसरीलाही तो हसला. तिसरीला म्हणाला, "आज समद्याच बहिनी का?" पाचवीपर्यंत त्याचं हसू संपलं होतं. कपाळावर कुंकवावर कुंकू चढत होतं आणि तो कुणाला हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. "डिझेल तुमी भरनार का?" एवढंच एकदा पुटपुटला. मला वाटलं, आता हा चिडून म्हणणार, जा, उद्यापासून गाडी नाही.

मैत्रिणीची आई दाराशी उभी होती. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"ह्या बी बहीनच का?" मामाने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मी बहीन म्हनून आले न्हाई. ओवाळनी मागायलाबी आले न्हाई. माझी पोरगी भाडं दिऊन तुमच्या गाडीत बसती. कोन कुनाची भाची हाय ते बघून इंजिन चालू ठिवायचं नसतं. गाडीत मानूस बसलंय म्हनून ठिवायचं असतं."

"आन् न्हाई ठिवलं तर?"

"तर गाडी तुमची तुमाला. सुट्टी संपली की पोरींना मी चालत घिऊन जाईन. ज्यांना पाठवायच्या त्यांनी पाठवा, न्हाईतर माझी एकटी. रान काय मला खात न्हाई."

इतकी वर्षं सगळं गाव म्हणत होतं की जीप नाही तर शाळा नाही. मीही तेच म्हणत होते, सरांनाही तेच सांगितलं होतं. घाट पायांनीही उतरता येतो आणि मोठं माणूस बरोबर चालू शकतं, हे एवढ्या घरांत कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

माझ्या आईने ताट खाली ठेवलं आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. "मीबी जाईन," ती म्हणाली. "एक दिवस तू, एक दिवस मी." मग पाणवठ्यावरची ती बाई उठली. मग आणखी एक. मामा पाटावर एकटाच राहिला, कपाळभर कुंकू घेऊन. त्याने होकार दिला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत बसला.

सुट्टीचे उरलेले दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मामा रस्त्यात दिसला की मान वळवायचा. वडिलांच्या कानावर सगळं गेलंच. ते आईवर ओरडले, दोन दिवस जेवले नाहीत. पण 'शाळा बंद' हे शब्द त्यांनी काढले नाहीत, कारण आईने कोनाड्याखाली चपला काढून ठेवल्या होत्या, घाटात चालायच्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मामाचा निरोप आला, गाडी येणार आहे. संध्याकाळी मैत्रीण घरी आली. म्हणाली, "उद्या तू बसू नको."

"का?"

"तू बसलीस तर तो चालूच ठेवणार. मग कळणार कसं?"

"आणि त्याने बंद केली म्हणजे? तू असणार ना आत!"

"मग मी खिंडीतच दार उघडून उभी राहीन. आन् परवापासून चालत." तिने हे इतकं सरळ सांगितलं की मला वाद घालता आला नाही.

मी उजाडताच घरून निघाले आणि खिंडीवरच्या खडकामागे जाऊन बसले. चढावरून जीपचा आवाज येऊ लागला. ती खिंडीत आली. मामाने मागे वळून गाडीत पाहिलं, मग समोर पाहिलं. आवाज एकदम खाली गेला. मी उठून ओरडणार, तेवढ्यात गिअर पडल्याचा खडखडाट झाला आणि इंजिन गुरगुरायला लागलं. जीप सावकाश उताराला लागली. पहिल्या वळणाआड गेली तरी आवाज होता. मोठ्या वळणावर पुन्हा दिसली, तेव्हाही होता. पुलापर्यंत मी तो ऐकत राहिले. मोजलं मात्र नाही.

मग मी त्याच रस्त्याने पायी उतरायला लागले. रस्ताभर मोठमोठ्याने रडत होते, आणि ऐकायला कोणी नव्हतं म्हणून बरं वाटत होतं. शाळेत पोचले तेव्हा सरांचा तास सुरू झाला होता. सरांनी मानेनेच आत ये म्हटलं. मैत्रीण बाकावर सरकली, मला जागा करून दिली आणि फळ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तू नव्हतीस. तरी चालू होतं."